सातवी लाट खरंच मोठी असते का? सेट, शांत टप्पे आणि समुद्राबद्दलच्या समजुती

लाटमापक

सातवी लाट सगळ्यांत मोठी असते, हे सर्फिंग शिकताना कुठे ना कुठे कानावर पडतंच. प्राचीन रोमन हा मान दहाव्या लाटेला देत, ग्रीक तिसरीला, आयरिश आणि वेल्श परंपरेत तो नववीचा. रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीच्या 1850 च्या प्रसिद्ध चित्राचं नावच ‘नववी लाट’ आहे. आकड्यावर एकमत नाही, पण त्यामागचं निरीक्षण सगळीकडे सारखं आहे: मोठ्या लाटा सुट्या येत नाहीत. तीन-चार-पाच लागोपाठ येतात आणि मग थोडा वेळ समुद्र निवतो. आपण सेट म्हणतो तो हाच. समजुतीतला एवढा भाग पूर्ण खरा आहे, म्हणूनच ती इतकी टिकली असावी.

सेट बनतात ते असे. दूरच्या वादळातून निघून लांबवर आलेल्या लाटांमध्ये, म्हणजे स्वेलमध्ये, एकच आवर्तकाल (लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ) नसतो. जवळपासच्या आवर्तकालांच्या लाटमालिका एकमेकींवर चढलेल्या असतात. माथ्यावर माथा आला की उंची वाढते, माथ्यावर खळगा आला की दोन्ही एकमेकींना मारतात. दोनच मालिका धरून हिशेब सोपा होतो: दोन आवर्तकालांचा गुणाकार करा आणि त्याला त्यांच्यातल्या फरकाने भागा. उत्तर म्हणजे एका सेटच्या मध्यापासून पुढच्या सेटच्या मध्यापर्यंतचा वेळ.

12 आणि 14 सेकंद घेतले तर 168 भागिले 2, म्हणजे 84 सेकंद. सरासरी आवर्तकाल 13 सेकंदांच्या आसपास, म्हणून एका मोठ्या लाटेपासून पुढच्या मोठ्या लाटेपर्यंत साधारण साडेसहा लाटा. सात आला की! पण 11 आणि 14 घेतले तर 51 सेकंद आणि जेमतेम चार लाटा. 13 आणि 14 घेतले तर 182 सेकंद आणि साडेतेरा लाटा. म्हणजे आकडा त्या दिवशीच्या स्वेलचा असतो, समुद्राचा नसतो.

मोजणीच्या पद्धती आणि बाकीच्या समजुती दोन्हींवर लिहा.

दर्यावर्दी

हिशेब बरोबर आहे, फक्त नव्या वाचकांसाठी एक भर. खऱ्या स्वेलमध्ये दोन नाही, असंख्य मालिका असतात. त्यामुळे सेट घड्याळासारखे ठरल्या वेळी येत नाहीत. 84 सेकंद ही सरासरी समजा. एखादा सेट मिनिटाभरातच येईल, एखादा चार मिनिटं येणार नाही.

खरा प्रश्न आवर्तकाल किती पसरलेले आहेत हा आहे. वादळ जवळ असेल तर 6 पासून 14 सेकंदांपर्यंत सगळं एकत्र येतं आणि सेट ओळखूच येत नाहीत. वादळ लांब असेल तर लाटा वाटेतच वेगळ्या होतात, कारण खोल पाण्यात लांब आवर्तकालाची लाट जास्त वेगाने जाते. आवर्तकालाला 1.56 ने गुणलं की लाटेच्या माथ्याचा वेग मिळतो, मीटर प्रति सेकंद. पण सेटचा, म्हणजे ऊर्जेचा, वेग त्याच्या निम्माच असतो. 14 सेकंदांच्या लाटेचा माथा सेकंदाला जवळपास 22 मीटर धावतो, सेट मात्र 11 मीटरने सरकतो. सेटच्या मागच्या टोकाला लाट उगवते, पूर्ण सेटमधून पुढे जाते आणि पुढच्या टोकाला विरते. मग खोल समुद्रात ‘सातवी’ लाट धरून ठेवायची कशी? काही मिनिटांनी तीच लाट तिसरी झालेली असते आणि त्यानंतर नाहीशी. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात माथ्याचा आणि सेटचा वेग सारखा होत जातो, तेव्हा कुठे क्रम पक्का होतो.

3000 किलोमीटरवरच्या वादळाचा हिशेब बघा. 16 सेकंदांची ऊर्जा सुमारे 67 तासांनी पोचते, 12 सेकंदांची 89 तासांनी. म्हणून बॉयाच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणाच्या) नोंदीत आवर्तकाल 16 वरून 12 वर यायला साधारण 22 तास लागले तर वादळ 3000 किलोमीटरवर होतं, 44 तास लागले तर 6000 वर. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी नोंदी घेऊन दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटांचा प्रशांत महासागरभर असाच माग काढला होता. वादळाच्या परिसरातून एकदा बाहेर पडली की लांब आवर्तकालाची स्वेल फारच थोडी ऊर्जा गमावते, हे त्यातून दिसलं.

लांबची स्वेल म्हणजे सेटमध्ये जास्त लाटा आणि मधली वाट पाहणंही जास्त. स्वेलच्या पहिल्या दिवशी पाण्यात उतरलेल्यांना ‘आज काहीच नाही’ असं वाटतं ते यामुळे.

अपूर्णांक

सातव्या लाटेची समजूत तपासायची असेल तर ती नीट तपासू या. बहुतेक जण मोठी लाट दिसल्यावर मोजायला सुरुवात करतात आणि पुढची मोठी लाट सहावी, सातवी किंवा आठवी आली तरी ‘आली बघ सातवी’ म्हणतात. चौथी किंवा अकरावी आली ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्यापेक्षा घड्याळ बघून, लाटांकडे न बघता, एक वेळ ठरवा आणि त्या क्षणापासून सलग 210 लाटा नोंदवा. 12 सेकंदांच्या स्वेलला 42 मिनिटं लागतील. प्रत्येक लाटेला उंचीचा अंदाज द्या, 1 ते 5 गुण चालतील, पण सारखे गुण आले तर कुठली मोठी हे जागीच ठरवा. मग सात-सातचे 30 गट पाडा आणि प्रत्येक गटातली सर्वांत मोठी कितवी ते लिहा. निव्वळ योगायोगानेही सातवी लाट चारेक गटांत पहिली येणारच, कारण 30 भागिले 7.

यात एक बारकावा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी सुटतो. लाटा सेटमध्ये येत असल्यामुळे शेजारच्या लाटांची उंची एकमेकींशी जोडलेली असते. अशा मालिकेचे गट पाडले तर गटाच्या दोन्ही कडांना, म्हणजे पहिल्या आणि सातव्या जागेला, मधल्या जागांपेक्षा थोडा जास्त वाटा मिळतो. सेट गटाच्या सीमेवर तुटला की त्याची चढती बाजू एका गटाच्या शेवटी येते आणि उतरती पुढच्याच्या सुरुवातीला. म्हणून सातवीला 6 गट मिळाले म्हणून हुरळू नका, पहिलीला किती मिळाले तेही बघा. सातवीत खरंच काही विशेष असेल तर तिने पहिलीलाही स्पष्ट मागे टाकलं पाहिजे.

निळावंती

उत्तम धागा! वाचनखूण साठवली. अपूर्णांक, मोजायचं नेमकं कुठे? लाटा वेगवेगळ्या जागी फुटतात, आणि काही तर फुटतच नाहीत.

अपूर्णांक

@निळावंती, फुटण्याच्या रेषेच्या बाहेर एक स्थिर खूण शोधा: तरंगती खूण, खडकाचं टोक, काहीही. सर्फरला खूण धरू नका, तो सरकत असतो. स्वतः थोडं उंचावर उभं राहा. वाळूवरून पाहिलं तर पुढची लाट मागचीला झाकते आणि सेटमधली दुसरी-तिसरी हमखास निसटते.

आवर्तकालासाठी 11 माथे मोजा आणि लागलेल्या वेळेला 10 ने भागा. दहा माथे मोजून दहाने भागण्याची चूक सर्रास होते आणि 12 सेकंदांची स्वेल 10.8 ची दिसते. शांत टप्प्यात मोजू नका. तेव्हा वाऱ्याच्या आखूड लाटा मधे मिसळतात आणि आवर्तकाल कमी येतो.

ड्रोनवरून किंवा उंच कड्यावरून फोटो काढून सेटमधल्या लाटा मोजणाऱ्यांसाठीही एक सूचना. खोल पाण्यावरच्या फोटोत एका सेटमध्ये जेवढ्या लाटा दिसतात, त्याच्या साधारण दुप्पट एका जागी उभं राहिल्यावर समोरून जातात. कारण वर दर्यावर्दींनी दिलंय: सेट हळू सरकतो आणि लाटा त्याच्यातून पुढे निघतात. या दोन आकड्यांवरून लोक उगाच भांडतात.

सागरगोटा

आकडा चुकीचा असला तरी समजूत टाकाऊ नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘सातवीची वाट बघ’ या सांगण्याचा परिणाम काय होतो? नवशिका पहिली दिसेल ती लाट पकडत नाही, निदान एक पूर्ण फेरा पाहतो. घड्याळ नसलेल्या काळात यापेक्षा सोपा नियम कसा सांगणार?

आणि लोकज्ञान म्हटलं की फक्त चुकाच काढू नका. मार्शल बेटांवरचे नावाडी नारळाच्या झावळीच्या शिरा बांधून लाटांचे नकाशे करत, बेटांच्या जागी शिंपले लावत. बेटावर आपटून स्वेल कशी वळते, बेटामागे दोन बाजूंनी आलेल्या लाटा कुठे एकमेकींना छेदतात, हे त्यात दाखवलेलं असे. नकाशा किनाऱ्यावर पाठ करायचा आणि समुद्रात होडीच्या डोलण्यावरून दिशा ओळखायची. लाटेच्या वळणाचं हे ज्ञान पुस्तकातल्या भौतिकशास्त्राशी तंतोतंत जुळतं.

‘टोक लाटा ओढून घेतं’ ही दर्यावर्दी लोकांची म्हणही अशीच खरी. जमिनीचं टोक जिथे समुद्रात घुसलेलं असतं तिथे तळ आधी उथळ होतो, लाटेचा तो भाग मंदावतो, आणि दोन्ही बाजूंच्या लाटा टोकाकडे वळतात. टोकावर ऊर्जा गोळा होते, खाडीच्या पोटात विखुरते. आवर्तकाल जितका लांब तितका हा परिणाम आधी सुरू होतो, कारण लाटेला तळ जाणवायला लागतो तो तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर. 8 सेकंदांची लाट 100 मीटर लांब, म्हणजे तळ 50 मीटरवर जाणवतो. 14 सेकंदांची 306 मीटर लांब, तिला तो 150 मीटरवरच लागतो.

लाटमापक

@सागरगोटा, एक फेरा पाहण्याबद्दल पूर्ण सहमत. फक्त सात लाटा म्हणजे एक फेरा, असं धरलं की गोत्यात येतो. 13-14 सेकंदांच्या स्वेलला सात लाटा पाहून आत गेलात तर तुम्ही फक्त शांत टप्पा पाहिलेला असू शकतो.

वल्हेकर

याच मुद्द्यावर आकडे देतो, कारण इथे माणसं खरोखर अडचणीत येतात.

लाटांच्या अंदाजात दिलेली उंची ही ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. ती कमाल नव्हे. खोल पाण्यात लाटांच्या उंचीचं वाटप ज्या सूत्राने बसतं त्यानुसार लक्षणीय उंची 1.5 मीटर आणि आवर्तकाल 12 सेकंद असेल, तर 10 मिनिटांत (50 लाटा) अपेक्षित सर्वांत मोठी लाट सुमारे 2.1 मीटर, अर्ध्या तासात 2.4, तीन तासांत जवळपास 2.8. समुद्र वाढलेला नसतो, तुम्ही जास्त वेळ थांबलेले असता. ‘आम्ही आत गेलो आणि समुद्र खवळला’ या तक्रारीतल्या बऱ्याच तक्रारी एवढ्याच असतात.

आता फुटण्याची जागा. सपाट उताराच्या वाळूवर लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण 0.78 पट झाली की ती फुटते. फुटतानाची उंची 1.5 मीटर असेल तर खोली 1.9 मीटर, 2.2 मीटर असेल तर 2.8. उतार 50 ला 1 असेल तर खोलीतल्या 0.9 मीटर फरकाचा अर्थ मोठी लाट 45 मीटर बाहेर फुटणार. नेहमीच्या लाटांच्या रेषेत बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर ती येते. म्हणून सर्वांत बाहेरच्या फेसाची जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून नोंदवून ठेवा, आणि अर्धा तास बघा.

आवर्तकालही विसरू नका. खोल समुद्रात 1 मीटर असलेली स्वेल 8 सेकंदांची असेल तर फुटताना सुमारे 1.4 मीटर होते, 16 सेकंदांची असेल तर 1.9. अंदाजात दोन्हींपुढे ‘1 मीटर’च लिहिलेलं असतं.

निळावंती

मग पौर्णिमेला लाटा मोठ्या होतात हे?

वल्हेकर

चंद्रामुळे भरती-ओहोटी होते, लाटा वाऱ्यामुळे. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला स्वेल वाढत नाही, पाण्याची पातळी जास्त हलते आणि त्यामुळे फुटण्याची जागा आणि तऱ्हा बदलते. ओहोटीला एखादा खडक किंवा वाळूचा बांध उथळ झाला की तीच लाट अचानक उभी राहून कोसळते. बघणाऱ्याला वाटतं लाट वाढली. भरतीला तीच लाट न फुटता आत येते आणि थेट किनाऱ्याच्या तीव्र उतारावर आपटते, तेव्हाही वाटतं लाट वाढली.

दिवसात दोन भरत्या असतील तिथे बाराव्या हिश्शाचा नियम लावा: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 बारांश चढतं. एकूण फरक 3 मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच दीड मीटर. 50 ला 1 उतारावर फुटण्याची रेषा तेवढ्यात 75 मीटर सरकते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक खूप कमी होतो, म्हणून शिकणाऱ्यांना ते दिवस सोयीचे. आणि उधाणाचा कळस पौर्णिमेच्याच दिवशी असेल असं नाही, बऱ्याच ठिकाणी तो एक-दोन दिवस उशिरा येतो.

दर्यावर्दी

आणखी तीन समजुती पटकन.

पाण्यावर तेल ओतलं की समुद्र शांत होतो: अर्धसत्य. बेंजामिन फ्रँकलिनने तळ्यावर चमचाभर तेल टाकून हे करून दाखवलं आणि त्याचं लिखाण 1774 मध्ये छापून आलं. तेलाचा पातळ थर बारीक तरंग मारतो आणि वाऱ्याला पाण्याची पकड मिळू देत नाही. पण त्यानेच समुद्रकिनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांवर प्रयोग केला तेव्हा फुटणं कमी झालं नाही. समुद्री शेवाळाच्या आसपास पाणी काचेसारखं दिसतं, तिथे वरचे तरंग दबलेले असतात. स्वेल जशीच्या तशी.

पाऊस लाटा झोडपून खाली बसवतो: तेच. आखूड लाटा विरतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, स्वेलला फरक पडत नाही. पावसासोबत वारा पडला तर श्रेय पावसाला जातं.

जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा लाट मोठी करतो: नाही. तो लाटेचा चेहरा धरून ठेवतो, त्यामुळे लाट थोड्या उथळ पाण्यात जाऊन, जास्त उभी होऊन फुटते. उभी लाट मोठी वाटते. टेकऑफ, म्हणजे लाट पकडून फळीवर उभं राहणं, उशिरा होतो आणि फळी वाऱ्याने उचलली जाते, म्हणून अशा दिवशी वल्हवताना छाती किंचित पुढे ठेवा आणि दोन हात जास्त मारा.

सागरगोटा

सेट आला की किनाऱ्यावर पाणी चढतं आणि नंतर जोरात ओढ लागते. जुने लोक याला ‘समुद्र श्वास घेतो’ म्हणतात. याचं शास्त्र कुणी सांगेल का?

लाटमापक

हे निरीक्षण मला सगळ्यांत आवडतं, कारण ते जवळजवळ पूर्ण बरोबर आहे. सेटमधल्या लाटा फुटताना पाणी किनाऱ्याकडे ढकलतात आणि तिथली सरासरी पातळी चढते. शांत टप्प्यात ती उतरते. सेटच्याच तालावर अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंतच्या आवर्तकालाची संथ चढ-उतार तयार होते. मंकने 1949 मध्ये तिची नोंद केली, संशोधक टकरने 1950 मध्ये तिचा लाटांच्या गटांशी संबंध दाखवला. चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधातल्या खोलगट फटीतून बाहेर वाहतं. तोच रिप करंट. म्हणून रिप सगळा वेळ सारख्या जोराने वाहत नाही, मोठ्या सेटबरोबर आणि लगेच नंतर ती उसळते.

रिप माणसाला तळाशी ओढते ही समजूत मात्र धोकादायक आहे. ती बाहेर नेते, खाली नाही. घाबरून थेट किनाऱ्याकडे पोहणारे दमतात आणि दमून बुडतात. फळी सोडायची नाही, पडून राहायचं, फेस दिसतो त्या बाजूला आडवं वल्हवायचं.

बाहेर जाण्यासाठी अनुभवी लोक हीच वाट वापरतात. सेटची शेवटची लाट फुटता फुटता फटीच्या तोंडाशी पोचा. शांत पाण्यात वल्हवण्याचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आसपास धरा. फुटण्याची रेषा 90 मीटरवर असेल तर दीड मिनिट लागेल. 84 सेकंदांचा फेरा असेल तर त्यातला निम्मा वेळ तरी सेटचाच असतो, म्हणजे वेळ पुरणार नाही आणि पुढचा सेट वाटेतच गाठेल. डक-डाइव्ह (फळीसकट लाटेखालून बुडी मारणं) जमत नसेल तर त्या दिवशी, त्या जागी जाऊ नका. फेरा तीन मिनिटांचा असेल तर जेमतेम पोचाल.

निळावंती

शेवटचं एक. सेटमधली पहिली लाट घेऊ नये म्हणतात, ते का?

वल्हेकर

दोन कारणं. खोल पाण्यात सेटची उंची दोन्ही टोकांना कमी आणि मध्यावर जास्त असते, त्यामुळे पहिली बहुधा सर्वांत मोठी नसते. दुसरं जास्त महत्त्वाचं: पहिलीवर पडलात तर तुम्ही फुटण्याच्या जागेच्या आत आणि मागून उरलेल्या सगळ्या मोठ्या लाटा. शेवटच्या लाटेवर पडलात तर पुढे शांत टप्पा असतो, फळी ओढून घ्यायला वेळ मिळतो.

पण शेवटची कुठली हे त्या दिवशी मोजल्याशिवाय कळणार नाही. सेट चार लाटांचे येत असतील तर तिसरीची तयारी ठेवा. दोनचेच येत असतील तर दुसरी सोडू नका. आणि क्षितिजावर एकामागे एक गडद रेषा दिसत असतील तर आधी त्या मोजा, बाहेर वल्हवा, मग ठरवा.